साळगावचा न्यूटन

तिवीला उतरले तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. ऑगस्टातला गोवा, रुळांच्या दोन्ही बाजूंना भातशेती आणि ओल्या मातीचा वास. म्हापशाच्या बसस्टँडबाहेर पायलट केला. गोव्यात पायलट म्हणजे मोटरसायकलवर भाड्याने माणसं नेणारा. त्याने पिशवी पुढे टाकीवर घेतली आणि विचारलं, "खंय वचपाचें?"

"साळगावला. एका चित्रकाराच्या गावी."

"मारियो?"

"मारियो लोटलीचे. हे साळगावचे. न्यूटन. फ्रान्सिस न्यूटन सूझा."

त्याने मान हलवली. नाव ऐकलं नव्हतं त्याने. 2024 साल होतं, सूझाच्या जन्माला शंभर वर्षं झाली होती, आणि त्याच्या गावापासून पाऊण तासाच्याही आत राहणाऱ्या माणसाने ते नाव ऐकलं नव्हतं. मला त्याचा राग आला नाही. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, इलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना शेकडो मुलं बसवली. वर्गात रविवर्मा सांगितला, हुसेन सांगितला. सूझा मीही कधी सांगितला नव्हता. त्याची चित्रं मुलांना दाखवायची कशी, हा प्रश्न पडायचा आणि मी पान उलटायची.

मी निघाले होते ते सहा वर्षांपूर्वी पाहिलेल्या एका चित्रामुळे.

2018 च्या उन्हाळ्यात भाचीकडे लंडनला होते. टेट ब्रिटनमध्ये माणसाचं शरीर रंगवणाऱ्या चित्रकारांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. फ्रान्सिस बेकन, लुसियन फ्रॉइड ही मोठी नावं, त्यांच्यासाठी रांगा. आत फिरता फिरता एका खोलीच्या दाराशी सूझाचं नाव दिसलं. पुरी खोली त्याची. साळगावात जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेला मुलगा बेकनच्या शेजारी, बरोबरीने. माझा ऊर भरून आला, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. पण त्याचं 1959 चं 'क्रुसिफिक्शन' समोर आलं आणि तो अभिमान वगैरे मागे पडला.

सहा फूट उंच आणि चार फूट रुंद बोर्ड. त्यावर काळा ख्रिस्त. आपल्याकडच्या कॅलेंडरांवर असतो तो गोरा, सोनेरी केसांचा, डोळे मिटलेला शांत ख्रिस्त हा नव्हे. याचे दात विचकलेले. शरीर बाभळीच्या फांदीसारखं, प्रत्येक रेषेला काटे. काट्यांचा मुकुट डोक्यावर ठेवायची गरजच उरलेली नाही, काटे अंगातूनच उगवले आहेत. शेजारी उभ्या आकृत्यांच्या चेहऱ्यावर करुणा शोधली, सापडली नाही. माझ्या बाजूला एक वयस्कर इंग्रज बाई उभ्या होत्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि त्या पुढच्या खोलीत निघून गेल्या. मी अर्धा तास थांबले. चित्र अश्लील नव्हतं, ओंगळ नव्हतं, पाखंडी तर मुळीच नव्हतं. कुणीतरी लहानपणी फार घाबरलं होतं आणि ती भीती पुसू न देता मोठेपणी रंगवत होतं, असं मला तेव्हा वाटलं. ही भीती कुठली, ते मला त्याच्या गावी जाऊन पाहायचं होतं.

साळगावचं चर्च लांबूनच दिसतं. हिरव्यागार शेतांच्या कडेला पांढरंशुभ्र, अणकुचीदार मनोऱ्यांचं. माय द देउश, म्हणजे देवमातेचं. 1873 मधलं हे चर्च गॉथिक वळणाचं आहे. गोव्यातल्या जुन्या, रुंद खांद्यांच्या चर्चांसारखं नाही. वेदीवरची मूर्ती त्याहून पुष्कळ जुनी. जुन्या गोव्याजवळच्या दावजी इथल्या पडक्या मठातून ती इथे आणली.

पायलट म्हणाला, फोटो काढायला लोक येतात ते हेच. मी आत गेले. मला काळोख अपेक्षित होता, रक्त अपेक्षित होतं. पण आत भरपूर उजेड. रंगीत काचांतून आलेला प्रकाश बाकांवर पडला होता आणि एक मुलगी वेदीपाशी फुलदाणीतलं पाणी बदलत होती. लंडनमधल्या त्या चित्राचं इथे काहीच नव्हतं. थोडी निराश होऊन मी शेवटच्या बाकावर बसले.

सूझाचा जन्म या गावातला, 12 एप्रिल 1924 चा. तो तीन महिन्यांचा होता तेव्हा शाळामास्तर असलेले वडील गेले. पुढच्या वर्षात थोरली बहीण गेली. मग त्यालाच देवी आल्या. आईने जुन्या गोव्यातल्या फ्रान्सिस झेवियरला नवस केला, की हे पोर वाचलं तर त्याला पाद्री करीन. पोर वाचलं. न्यूटनच्या आधी फ्रान्सिस लागलं ते तेव्हा. देवीचे व्रण चेहऱ्यावर जन्मभर राहिले. आई मुंबईला जाऊन कपडे शिवू लागली आणि मुलगा काही काळ इथे आजीपाशी. घरातली दोन माणसं वर्षा-दोन वर्षांत गेलेली, तिसरा देवाकडून उसना आणलेला. आजूबाजूला मोठ्या माणसांच्या हलक्या आवाजातल्या प्रार्थना. त्याने पुढे आपल्या लहानपणाबद्दल लिहिलं, त्यात हे भित्रं, किडकिडीत, सतत आजारी पोर दिसतं. आणि त्याच लिखाणात चर्चचं जे वर्णन येतं ते वाचताना जाणवतं, की भीती जितकी आहे तितकीच भूलही आहे. जरतारी झग्यातला पाद्री, सोन्यात मढवलेले लाकडी संत, धुपाचा वास. आणि या सगळ्याच्या मधोमध खिळ्यांवर टांगलेला, रक्त गळणारा माणूस, ज्याला सगळे देव म्हणतात. लहान मुलाने याचा अर्थ लावायचा कसा?

चर्चमधून निघून गावात चालत गेले. माडांखाली जुनी घरं, पुढे ओसरीसारखे बालकांव, अंगणात पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस. एका घराच्या बालकांवात ऐंशीच्या पुढच्या आजी बसल्या होत्या. पावसाची सर आली म्हणून मी त्यांच्या वळचणीला गेले, तर त्यांनी हाताने वर बोलावलं. माझं मराठी, त्यांची कोंकणी. अडलं काही नाही. न्यूटनचं नाव काढलं तर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, नागड्या बायका काढायचा तो ना? मी म्हटलं, हो. पण देवसुद्धा काढायचा.

"देव?" त्या म्हणाल्या. "मगीर आमचो देव पळय."

आत नेलं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत देव्हारा असतो, त्याला ओरातोर म्हणतात. शिसवी लाकडाचं कपाट, दोन दारं, वर कोरीव नक्षी. आजींनी दारं उघडली आणि मेणबत्ती लावली. आत वीतभर उंचीचा क्रूस. त्यावरचा ख्रिस्त हस्तिदंताचा, जुना होऊन सायीसारखा पिवळट पडलेला. मी चष्मा पुसून जवळ गेले. बरगड्या एकेक मोजता याव्यात अशा कोरलेल्या, कंगव्याच्या दातांसारख्या. पोट आत ओढलेलं. गुडघ्यांवर, तळव्यांवर, कुशीत लाल रंग, आणि तो नुसता फासलेला नव्हता. प्रत्येक थेंब वेगळा, टोकाशी फुगीर, बारीक ब्रशने एकेक करून टेकवलेला. ज्या कारागिराने ते थेंब ठेवले त्याचा हात कुठेही घाईत नव्हता. कपाळावरून आलेले दोन थेंब भुवईपाशी थांबले होते. मेणबत्ती हलली की ते ओले वाटत.

इथे होतं ते. चर्चमध्ये नव्हतं, घरात होतं. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, रोज संध्याकाळच्या तेर्साच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, वेळी.

आजी म्हणाल्या, लहानपणी त्या या कपाटाला भीत. रात्री पाणी प्यायला उठायचं तर त्याच्यासमोरून जावं लागे. "आणि आता?" मी विचारलं. त्या हसल्या. आता दिवसभर बोलायला तोच असतो, म्हणाल्या. मुलं कॅनडात.

मी निघताना त्यांनी हातावर दोडोल या मिठाईचे दोन तुकडे ठेवले आणि म्हणाल्या, "देव बरें करूं." कोंकणीत आभार असे मानतात. आभार खरं तर मी मानायचे होते.

दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्यात गेले. बॉम जेझू बॅसिलिकेच्या आवारात गडबड होती. त्या वर्षी नोव्हेंबरात संत झेवियरचं शवप्रदर्शन होणार होतं. दहा वर्षांतून एकदा होतं ते. सूझाच्या आईने ज्याला नवस केला तो उंचावर चांदीच्या पेटीत. सतराव्या शतकात गोव्यातल्याच कारागिरांनी घडवलेली ही पेटी, आणि खालचा संगमरवरी चौथरा इटलीहून आलेला. मला ओढ होती ती पलीकडच्या टेकडीवरच्या सांता मोनिकाच्या मठाची. तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. डागडुजीनंतर 2022 मध्ये ते पुन्हा उघडलं. याच मठातल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताने 1636 मध्ये डोळे उघडले आणि काट्यांच्या मुकुटाखालून खरं रक्त वाहिलं, अशी इथल्या भाविकांची श्रद्धा आहे. क्रूसाकडे पाहताना तो आत्ता डोळे उघडेल, या कल्पनेत इथल्या पिढ्या वाढल्या.

संग्रहालयातल्या मूर्ती पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. मेरीच्या चेहऱ्याला गोलाई आपल्याकडची, बाळ येशूची बसण्याची ढब बाळकृष्णाची. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती करू नयेत असे हुकूम सोळाव्या शतकात निघाले होते, पण हात त्यांचेच चालत राहिले. म्हणजे सूझाने लहानपणी जे पाहिलं ते अर्धं लिस्बनचं आणि अर्धं इथल्या चारी-सुतारांचं होतं. पुढे 1948 मध्ये हुसेन आणि तो दिल्लीला भारतीय शिल्पांचं मोठं प्रदर्शन पाहायला गेले. मथुरेच्या यक्षी, मंदिरांवरच्या सुरसुंदरी पाहून दोघेही भारावले. हुसेनला तिथे वळण सापडलं. सूझाला, माझ्या मते, परवानगी सापडली. उघडं शरीर देवळाच्या भिंतीवर असू शकतं, त्याची लाज बाळगायची नसते, ही. त्याच्या चित्रांत पुढे हे दोन प्रवाह एकमेकांना कधी सोडत नाहीत. यक्षीसारख्या भरल्या अंगाच्या बायका, आणि त्यांना रेखाटणारी रेषा मात्र त्या हस्तिदंती बरगड्यांची.

लोकांना खटकलं ते हे एकत्र येणं. नग्नता एकटी असती तर चालली असती, धर्म एकटा असता तर चाललाच असता. 1955 च्या 'बर्थ'मध्ये दिवस भरलेली नागडी बाई आडवी पडली आहे आणि तिच्यामागे पाद्र्यासारख्या झग्यातला पुरुष उभा आहे. आठ फुटांचं चित्र. 2008 मध्ये लिलावात त्याला सुमारे 25 लाख डॉलर मिळाले, 2015 मध्ये पुन्हा विकलं गेलं तेव्हा सुमारे 40 लाख. पैशांचे आकडे वाचून आपल्याकडे लोकांनी त्याला मानायला सुरुवात केली, याचं मला वाईट वाटतं. त्या बाईच्या पोटाकडे पाहायला हवं होतं. तिची टवाळी त्यात नाही. आईने नवस बोलून मिळवलेल्या मुलाने काढलेलं ते पोट आहे.

परतीच्या गाडीने मुंबईला आले ती थेट घरी गेले नाही. व्हीटीला उतरले आणि धोबीतलावापर्यंत चालत गेले. गोव्याहून येणाऱ्या खलाशांच्या, आचाऱ्यांच्या कूड इथे होत्या, काही अजून आहेत. गावागणिक एक खोली, तिथे पेटी ठेवायची, बोट मिळेपर्यंत राहायचं. याच भागात सेंट झेवियर्स हायस्कूल. संडासाच्या भिंतीवर घाणेरडी चित्रं काढल्याच्या आरोपावरून सूझाला तिथून काढलं. तो पुढे सांगायचा, की चित्रं दुसऱ्यांनी काढली होती, रेखाटन चुकलं होतं म्हणून मी फक्त दुरुस्त केलं.

हा किस्सा लोक गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत वाटत नाही. शाळेत शिकवत असताना सातवीतल्या एका मुलाच्या वहीत मला असंच एक चित्र सापडलं होतं. नदीवर कपडे धुणारी बाई, लुगडं गुडघ्यावर, पदर ढळलेला. पाठीची रेषा एका फटक्यात, खांद्यापासून कमरेपर्यंत. मला तशी आजही येत नाही. मी ते पान फाडलं, वर्गासमोर फाडलं, आणि पालकांना बोलावलं. मुलगा पुन्हा चित्रकलेच्या तासाला बसला, पण फळा सांगेल तेवढंच काढू लागला. फुलदाणी, निसर्गचित्र, स्मरणचित्र. ग्रेड चांगली मिळाली त्याला.

तिथून जे. जे. जवळच. रस्ता ओलांडून फाटकातून आत डोकावले. झाडांखाली मुलं स्केचिंग करत बसली होती. 1945 मध्ये याच संस्थेने सूझाला काढलं, स्वातंत्र्यचळवळीच्या उठावात सामील झाला म्हणून. त्याच दिवशी घरी जाऊन त्याने रागाने पॅलेट नाइफने रंगवायला घेतलं, ट्यूबमधून रंग थेट पिळून, आणि निळी नग्न बाई उभी केली. दोन वर्षांनी, 1947 मध्ये, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांना घेऊन त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. गाडे अमरावतीकडचे, हुसेन पंढरपूरला जन्मलेले, आरा मोटारी धुण्याचं काम केलेले. अशा माणसांना एका टेबलाशी बसवून जाहीरनामा लिहिणारा तेवीस वर्षांचा मुलगा हा. 1949 मध्ये काळा घोड्याजवळ रॅम्पार्ट रोवर त्यांचं प्रदर्शन भरलं. त्याच सुमारास त्याच्या नग्न आत्मचित्रावरून ओरड झाली, पोलिसांनी घराची झडती घेतली, आणि वर्ष संपायच्या आत तो बोटीने लंडनला गेला.

लंडनची पहिली वर्षं उपासमारीची. बायकोच्या पगारावर घर चाललं. 1955 मध्ये कवी स्टीफन स्पेंडरने त्याचा गोव्याच्या खेड्यावरचा आत्मचरित्रात्मक लेख 'एन्काउंटर' मासिकात छापला, त्याच वर्षी गॅलरी वनमधलं प्रदर्शन सगळंच्या सगळं विकलं गेलं, आणि तीन वर्षांत गुगेनहाइमच्या आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी ब्रिटनतर्फे निवडलेल्या पाच चित्रकारांत तो होता. त्या काळातलं 'मिस्टर सेबॅस्टियन' मला फार जवळचं वाटतं. बाणांनी विंधलेला संत सेबॅस्टियन त्याने कोटात उभा केला. कोट, आणि चेहऱ्यात, मानेत घुसलेले बाण. टीकाकार त्यात शहरी माणसाची वेदना पाहतात, बरोबर आहे. मला मात्र कपडे शिवणाऱ्या आईच्या खोलीतला मुलगा दिसतो. फिटिंगला उभं राहिलेलं गिऱ्हाईक, अंगावर कापड, कापडात टाचण्या, आणि हलू नका म्हणणारी आई. सूझाच्या रेषांवरचे ते आखूड आडवे फटकारेही मला काट्यांइतकेच टाक्यांसारखे वाटत आले आहेत.

साठच्या दशकाच्या मध्यावर त्याने काळ्यावर काळं रंगवलं. डोकी, बायका, निसर्ग, सगळं नुसत्या काळ्या रंगात. रंगाचा थर जिथे उंच तिथे उजेड अडकतो आणि आकृती दिसते, बाजूला सरकलं की ती बुजते. ही चित्रं छापात येतच नाहीत. त्या ओरातोरासमोर मेणबत्ती हलली तेव्हा मला त्यांची आठवण झाली होती. 1967 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि पुढची पस्तीस वर्षं भरपूर काम केलं. त्यातलं सगळंच मला आवडत नाही.

28 मार्च 2002 ला तो मुंबईत गेला, फिरायला आलेला असताना. शिवडीच्या कब्रस्तानात पुरलं. अंत्यविधीला मोजकी माणसं होती.

संध्याकाळी चारच्या सुमारास मी शिवडीला पोचले. पावसाने जमीन भुसभुशीत झालेली, थडग्यांवर शेवाळ. फाटकाजवळच्या शेडमध्ये विशीतला एक मुलगा लाकडी क्रूसावर नाव रंगवत बसला होता. काळा ऑइलपेंट मारलेला क्रूस आडवा मांडीवर, पांढऱ्या रंगाची डबी, बोटभर ब्रश. मी विचारलं, सूझांचं थडगं कुठे आहे?

"कुठले सूझा, आंटी? इथे सूझा पुष्कळ."

"चित्रकार होते. दोन हजार दोन साली."

त्याने विचार केला, मान हलवली आणि पुन्हा अक्षरावर वाकला. मी जवळच्या बाकड्यावर टेकले. खरं तर त्याला त्रास द्यायचा नव्हता, पण सवय जात नाही. नजर त्याच्या हाताकडे गेली. 'R' चा पाय ओढताना ब्रश घसरला. तो चिडला नाही. चिंधीला टर्पेन्टाइन लावून ते एकच अक्षर पुसलं, फुंकर मारली, करंगळी लाकडावर टेकवून हात स्थिर केला आणि पुन्हा ओढलं. या वेळी वरून खाली एका दमात.

"कुठे शिकलास?" मी विचारलं.

"बघून बघून," तो म्हणाला. मग क्रूस उचलून त्याने भिंतीला टेकवला, दोन पावलं मागे सरला आणि मान तिरपी करून पाहू लागला.